नेओमा डॉयलची कोण

डॉयल रॅकली पेकनच्या झाडाखाली पडलेला सापडला तेव्हा तो शुद्धीवर होता, पण त्याला बोलता येत नव्हतं. अर्धं तोंड लोंबलं होतं आणि उजवा हात मातीत पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. नेओमानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला हाक मारली. आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे, एवढंच. मी स्कर्ट वर धरून त्यातून वाकून गेले.

"अर्वेला, याला सांग मी इथंच आहे म्हणून," ती मला म्हणाली.

तिचा स्वतःचा आवाज त्याला पोचतोय की नाही याचा तिला भरवसा वाटत नव्हता. मी खाली बसले आणि म्हणाले, "डॉयल, नेओमा आहे रे इथं." त्याचे डोळे तिच्याकडे वळले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. चिलटं तेवढी त्याच्या ओठांवर येत होती, ती नेओमा हातानं वारत होती.

नेओमा पर्विस डॉयलच्या घरात वीस वर्षांहून अधिक राहत होती. पुढच्या ओसरीत तिचं पार्लर. टार्पली काउंटीतल्या निम्म्या बायकांचे केस तिच्या हातचे. त्यांतली एखादी वारली की अंत्यविधीवालेही तिलाच बोलवायचे, कारण कुणाचा भांग कुठून पडतो हे तिला ठाऊक असायचं. डॉयल विहिरींचे पंप दुरुस्त करायचा आणि पेकनची, म्हणजे त्या अक्रोडासारख्या फळांची, बाग सांभाळायचा. त्या दोघांनी लग्न केलं नव्हतं. डॉयलची आधी दोन लग्नं झाली होती आणि दोन्ही मोडली होती.

"मी लग्न केलं की बायको पळून जाते," तो सगळ्यांसमोर सांगायचा. "ही एकच अशी आहे जिच्याशी लग्न केलं नाही, आणि बघा, हाकलली तरी जात नाही!"

"हाकलून तर बघ," नेओमा म्हणायची. "तुझ्या पायमोज्यांची जोडी तुला जन्मात सापडायची नाही."

पाद्री अधूनमधून कुरकुरायचे. गावाला मात्र ती नवरा-बायकोच वाटायची. त्यांना जेवायला बोलावताना कुणी कधी एकाचंच नाव घेतलं नाही.

हॉस्पिटलमध्ये पहिले काही दिवस नेओमा त्याच्या पलंगाशेजारी खुर्चीवरच झोपली. मग त्याची मुलगी आली. शॅरिलिन. सव्हानाला राहते, तिथं शाळेत शिकवते. ती लहान असताना मी तिला बघितलं होतं. पहिलं लग्न मोडल्यावर आई तिला घेऊन गेली, त्यानंतर तिचं इकडे येणं फारसं झालंच नाही. ती नेओमाशी नीट बोलली. कॉफी आणून दिली. दोन दिवसांनी नेओमा घरी आंघोळीला आली आणि परत गेली तेव्हा नर्सनं तिला दारातच थांबवलं.

"बाई, तुमचं नाव आता आत येणाऱ्यांमध्ये नाहीये."

"कुणी काढलं?"

"पालकांनी."

"कुणाचे पालक? तो सत्तर वर्षांचा आहे!"

झालं होतं असं की शॅरिलिननं आमच्या प्रोबेट कोर्टात अर्ज टाकला होता. वडिलांना बोलता येत नाही, निर्णय घेता येत नाही, म्हणून मला त्यांची पालक नेमा. अशा अर्जाची खबर बायकोला द्यावी लागते, मुलांना द्यावी लागते. नेओमाला कुणी खबर देण्याचा प्रश्नच नव्हता. जज हर्शेल मोब्लींनी तातडीचं म्हणून सही केली, आणि पुढं कायमचीही केली. त्याच आठवड्यात शॅरिलिननं बापाला सव्हानाजवळच्या वृद्धाश्रमात हलवलं आणि तिथंही सांगून ठेवलं की नेओमाला भेटू द्यायचं नाही. भेटीनं त्यांना त्रास होतो म्हणे.

आमचं प्रोबेट कोर्ट म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं. लग्नाचा परवाना तिथून घ्यायचा, पिस्तुलाचाही. मेलेल्याचं मृत्युपत्र तिथं उघडायचं, डोकं फिरलेल्याला पालक तिथं मिळायचा. मोब्ली अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीवर होते. त्याआधी त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. आमच्यासारख्या लहान काउंटीत जज वकील असावा लागत नाही. लोकांनी निवडून दिला की झालं. आणि लोक द्यायचेच, कारण दुसरं कुणी उभंच राहायचं नाही. मोब्ली माणूस वाईट नव्हता. कुणाच्याही घरी कुणी वारलं की हा पहिला दारात हजर असायचा.

नेओमा त्यांना भेटायला गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. त्यांनी उठून तिला खुर्ची दिली.

"नेओमा, माझ्या आईचे शेवटचे केस तू केलेस. मी विसरलो नाही," ते म्हणाले.

"मग जज साहेब, मला डॉयलला भेटू द्या."

"ते आता माझ्या हातात नाही. त्याच्या मुलीच्या हातात आहे."

"तिच्या हातात तुम्हीच दिलंत ना?"

मोब्लींनी चष्मा काढला. "अगं, पोटची पोर आहे ती. तिला नाही द्यायचं तर कुणाला? तू त्याची कोण लागतेस, सांग. बायको नाहीस. बहीण नाहीस. मी कागदावर काय लिहू?"

"तुम्ही आमच्या घरी जेवायला आलायत, साहेब. तेव्हा मी कोण होते?"

"तेव्हा तू फार छान मासे तळले होतेस," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

गावात एक वकील होता, त्यानं सांगितलं की वरच्या कोर्टात जायची मुदत टळून गेलीय. आणि मुदत असती तरी तिचा त्या प्रकरणात काही संबंध आहे हेच आधी सिद्ध करावं लागलं असतं. नवा अर्ज करता येईल, पण तो येणार पुन्हा मोब्लींपुढेच.

"म्हणजे मोब्ली आहेत तोवर काही नाही," नेओमा म्हणाली.

"असंच समजा," वकील म्हणाला.

ते वर्ष निवडणुकीचं होतं. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मोब्लींच्या विरोधात कुणीतरी उभं राहिलं. कँडिस विंबर्ली. शाळेची बस चालवायचे त्या विंबर्लींची मुलगी, शिकून वकील झालेली, अटलांटात काही वर्षं काढून आईसाठी परत आलेली. तिचं चर्च वेगळं, आमचं वेगळं, त्यामुळं आम्ही तिला नुसतं बघून ओळखत होतो. नेओमा सरळ तिच्या दारात गेली आणि म्हणाली, "मला काय करता येईल ते सांग. केस कापता येतात आणि बोलता येतं, एवढंच येतं."

"बोलणं पुष्कळ झालं," कँडिस म्हणाली.

त्या थंडीत पार्लरमध्ये ज्या बायका आल्या त्यांना केसांबरोबर भाषणही मिळालं. मीही बहुतेक तिथंच असायचे.

"मोब्लीनं माझ्या तिन्ही मुलींची लग्नं लावलीत हं," ड्रायरखालून मिस युला म्हणाल्या. वयानं त्या सगळ्यांत मोठ्या.

"आणि तिघींचेही घटस्फोट झाले," नेओमा म्हणाली. "त्याच्या हाताला गुणच नाही, मिस युला."

सगळ्या हसल्या. युलाबाई पण हसल्या. मग म्हणाल्या, "तरी बाई, तो आपल्याला ओळखतो. ही पोरगी काय, पुस्तकात बघून सांगणार."

"दातांच्या डॉक्टरकडे जाता तेव्हा ओळखीचा बघता, की दात काढता येणारा बघता?"

"माझे सगळे पडलेत," युलाबाई म्हणाल्या.

पण त्या सगळं ऐकून गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगणात कँडिसच्या नावाची पाटी लागली.

मी मतदान केंद्रावर टेबलाशी बसते, नवरा होता तेव्हापासून. मला माहीत आहे लोक मत कसं देतात. डोक्यात शेरीफ घेऊन येतात किंवा गव्हर्नर घेऊन येतात. वरून खाली येईस्तोवर कंटाळतात. प्रोबेट जज अगदी तळाशी असतो. तिथं कितीतरी जण काही खूणच करत नाहीत, तसाच कागद मशीनमध्ये सरकवतात. नेओमाला मी ते सांगितलं होतं. म्हणून ती घरोघरी हिंडताना एकच वाक्य सांगायची. "खालपर्यंत जा. तळाशी जा."

एप्रिलमध्ये अग्निशामक दलाच्या शेडमध्ये मासे तळून जेवण होतं, सगळे उमेदवार आले होते. कँडिस दोन मिनिटं बोलली. बरी बोलली, पण वकिलासारखी. मग ती म्हणाली की नेओमाबाईंना काही सांगायचंय.

नेओमानं कधी माईक धरला नव्हता. ती तो खूप लांब धरून बोलली, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"तुमचं माणूस उद्या पडलं, तर तुम्ही त्याचे कोण हे एक माणूस ठरवतो. जेवायच्या सुट्टीच्या आधी ठरवतो. माझं ठरवलं. मी कुणीच नाही. डॉयलनं दोन वर्षं माझ्या आईला उचलून आंघोळीला नेलं. तो तिचा कोण होता?"

मग तिनं माईक खाली केला. कँडिसनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. लोक उभे राहिले. मोब्ली मागे कोबीची कोशिंबीर हातात घेऊन उभे होते, ते खाली बघत राहिले.

मे महिन्यात कँडिस निवडून आली. थोडक्या मतांनी आली, पण आली. आम्ही तिच्या आईच्या अंगणात होतो. नेओमा नाचली. साठी उलटलेली बाई, चपला काढून गवतात नाचली. मला म्हणाली, "अर्वेला, त्याचे केस आता मानेवर आले असतील. तिथं कोण कापणार त्याचे?"

नवा जज खुर्चीवर बसतो जानेवारीत. तोवर उन्हाळा काढायचा, पेकनचा हंगाम काढायचा. बाग तिनं एकटीनं झोडपली. शॅरिलिन पालक म्हणून पिकाचे पैसे घेऊन गेली आणि नेओमानं तिला पावती मागितली नाही. भांडण नको होतं तिला, जानेवारी हवा होता.

नवीन वर्ष लागल्यावर पहिल्या सोमवारी तिनं अर्ज दिला, डॉयलचा पालक बदलावा आणि मला त्याला भेटू द्यावं म्हणून. आठवडा गेला. मग कोर्टातून बोलावणं आलं. तिनं निळा ड्रेस घातला, मला सोबत घेतलं. खिडकीतल्या मुलीनं एक कागद पुढं केला. त्यावर कँडिसची सही होती. नेओमानं तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे दिला.

कँडिसनं स्वतःला या प्रकरणातून बाजूला केलं होतं.

ती आतून बाहेर आली. काळा झगा घातलेला. आमच्यापासून अंतर राखून उभी राहिली.

"नेओमाबाई, मी हे चालवू शकत नाही. तुम्ही माझ्या निवडणुकीत काम केलंत. माझ्या शेजारी उभं राहून याच प्रकरणावर बोललात. मी तुमच्या बाजूनं निकाल दिला तर तो एका दिवसात उडेल. आणि उडायलाच हवा."

"मग तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

कँडिस म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वकिलानं सांगितलं असेल."

"माझा वकील कुठाय? मी तुलाच माझा वकील समजत होते."

"शेजारच्या काउंटीतले जज लॅनियर येतील. चांगले आहेत ते."

"मी घरी बसले असते, कुणालाच काही बोलले नसते, तर तू माझं ऐकून घेतलं असतंस?"

"हो."

"पण मग तू तिथं बसली नसतीस."

कँडिसनं होकारार्थी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. पण ती जवळ आली नाही. येऊन चालणार नव्हतं.

जज लॅनियर वसंतात आले. वयस्कर, शांत, गुडघे दुखत असल्यामुळं सावकाश बसणारे. त्यांनी सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं. शॅरिलिन तिच्या वकिलाबरोबर आली होती. नेओमानं गावातल्या त्याच वकिलाला आणलं होतं, तो सारखा कागद चाळत होता.

शॅरिलिनच्या वकिलानं मासे तळलेल्या दिवशीचं भाषण काढलं. कुणीतरी फोनवर चित्रण केलेलं. "एका आजारी माणसाची हकिगत मतं मागायला वापरली," तो म्हणाला. नेओमा उठून म्हणाली, "मी त्याच्यासाठीच मतं मागितली," आणि जजनी तिला हळूच खाली बसायला सांगितलं.

मग शॅरिलिन बोलली. मला वाटलं होतं ती खोटं बोलेल. खोटं ती बोलली नाही.

"मी सहा वर्षांची होते तेव्हा त्यांनी मला जाऊ दिलं," ती म्हणाली. "या बाईंना त्यांची वीस वर्षं मिळाली. मला नाताळला एक फोन मिळायचा. आता मी रोज शाळा सुटली की त्यांच्याकडे जाते. त्यांना भरवते. ते माझ्याकडे बघतात. मला आता त्यांना कुणाबरोबर वाटून घ्यायचं नाही. चुकत असेल माझं. पण बाप माझा आहे."

नेओमा तिच्याकडे बघत राहिली. तिचा राग कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं, असं मला दिसलं.

जज म्हणाले, डॉयललाच विचारू. वृद्धाश्रमातून त्याला पडद्यावर आणलं. चाकाच्या खुर्चीत होता तो. केस कुणीतरी बारीक, कैद्यासारखे कापले होते. नेओमानं तोंडावर हात धरला.

"मिस्टर रॅकली," जज मोठ्यानं म्हणाले, "इथं नेओमा पर्विस आहेत. तुम्हाला दिसतात का?"

कोर्टातल्या माणसानं कॅमेरा तिच्याकडे वळवला. ती उठून उभी राहिली.

"डॉयल," ती म्हणाली. "मी इथंच आहे रे."

तो रडायला लागला. तोंड वाकडं झालं, खांदे हलायला लागले, घशातून एक आवाज यायला लागला आणि थांबेचना. डावा हात वर झाला आणि खाली पडला. पुन्हा वर झाला. तिकडच्या नर्सनं त्याला थोपटलं, तरी थांबेना. शॅरिलिन पडद्याकडे धावली आणि म्हणाली, "डॅडी, मी आहे, मी येते," आणि तरीही तो रडतच होता.

"बंद करा," जज म्हणाले.

वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, असा अर्धांगाचा झटका आलेल्यांना रडू आवरत नाही, त्याचा अर्थ लावता येत नाही. आनंदानंही येतं, दुःखानंही येतं, कशाविनाही येतं.

"पण त्रास होतो?" जजनी विचारलं.

"शरीराला होतो. रक्तदाब चढतो."

जज लॅनियरनी बराच वेळ कपाळ चोळलं. मग त्यांनी सांगितलं की पालक बदलण्याइतकं कारण त्यांना दिसत नाही. मुलगी काळजी घेतेय. भेटीचं पालकानं ठरवावं. आणि आता त्यांनी जे पाहिलं त्यावरून भेटीची सक्ती करायला त्यांचं मन धजत नाही.

"बाई, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. तेसुद्धा खरंच होतं.

डॉयल ऑगस्टमध्ये गेला. आम्हाला अंत्यविधीवाल्यांकडून कळलं. त्यांच्या मुलानं नेओमाला फोन केला, कारण त्याला वाटलं तिला माहीत असेल. पुरायला आमच्याच गावात आणलं. मंडपात घरच्यांसाठी मखमली आवरणाच्या खुर्च्या होत्या. शॅरिलिन, तिची आई, तिचा नवरा बसले. नेओमा माझ्याबरोबर उन्हात उभी होती. शॅरिलिननं एकदा मागे वळून बघितलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. बोलावलं मात्र नाही.

मृत्युपत्र डॉयलनं केलं नव्हतं. घर, बाग, पंपांची अवजारं, सगळं मुलीचं. त्या हुकुमावर कँडिसची सही झाली. या वेळी तिला बाजूला व्हायचं कारण नव्हतं, कारण या प्रकरणात नेओमा कुणीच नव्हती, साक्षीदारसुद्धा नाही.

घर रिकामं करायच्या दिवशी कँडिस आली. नोकरीच्या कपड्यांत नाही, साध्या पँटमध्ये. नेओमा ओसरीत बाटल्या खोक्यात भरत होती.

"काही उचलू लागू?"

"उचल की. तेवढं चालतं का कायद्यात?"

"चालतं."

दोघींनी मिळून ड्रायरची खुर्ची गाडीत चढवली. कँडिस घामानं निथळत होती. तिला बहुधा अजून काही बोलायचं होतं.

"तू चांगलं काम करतेस, सगळे म्हणतात," नेओमा तिला म्हणाली. "मिस युलांच्या भाच्याचं प्रकरण तू नीट केलंस. मोब्लीनं घोळ घातला असता."

"नेओमाबाई, मी..."

"जा आता. उन्हात उभी राहू नकोस."

ती गेली. नेओमा वेक्रॉसला बहिणीकडे जाणार होती. बहिणीचं घर लहान, तिथं पार्लर होणार नव्हतं, पण खुर्ची सोडवत नव्हती. मी तिच्यासाठी शेंगा उकडून पिशवीत बांधून दिल्या. ती गाडीत बसली आणि किल्ली फिरवायची थांबली.

"अर्वेला, तू होतीस ना तिथं. त्या दिवशी, पडद्यावर. तो मला बघून रडला की नुसताच रडला?"

"तुला बघून, अगं. हात वर केला ना त्यानं."

"तो हात तो एरवीही तसाच वर करत असेल. शॅरिलिनला विचारायला हवं होतं. तिनं सांगितलं असतं."

"तुला बघून रडला," मी पुन्हा म्हणाले.

"तुला काय माहीत," नेओमा म्हणाली, आणि तिनं गाडी सुरू केली.